मोडकळीला आलेलं साम्राज्य कसं सावरावं : नवशिक्यांसाठी

आधी नंदुरबार जिल्ह्यात प्रकाशाला या आणि तापीच्या काठावर उभं राहून अंदाज घ्या. ही नदी शत्रूच्या जावयाने आधीच आपलीशी केलेली आहे. नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने तापीवर फुकट नावा ठेवल्या आणि तसं नाशिकच्या लेण्यात कोरूनही ठेवलं. त्यामुळे गादीवर बसल्या बसल्या उतारूंकडून पैसे मागू नका.

नहपानाला हरवलंत की त्याची नाणी वितळवत बसू नका. भट्टी, कोळसा, कारागीर, नसता खर्च. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने सरळ त्यांच्यावरच आपला ठसा मारला. नाशिकजवळ जोगळटेंभीला 1906 मध्ये तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, त्यातली नऊ हजारांवर अशीच. सातवाहनांच्या डोंगराच्या ठशाखालून नहपानाचं नाक अजून डोकावतं, कडेला ग्रीक अक्षरंही दिसतात. डोकावू द्या. कोण हरलं ते लोकांना कळायला हवं.

मग दानधर्म. उषवदाताचं दोनशे निवर्तनं शेत भिक्षूंना देऊन मोकळे व्हा. सहा वर्षांनी कळेल की शेत पडीक आहे आणि गाव ओस. गौतमीपुत्राचं नेमकं हेच झालं. त्याने गोवर्धनच्या अमात्याला हुकूम धाडून दुसरी शंभर निवर्तनं दिली, तीही आईच्या नावासकट. दान देण्याआधी तलाठ्याला पाठवा, एवढंच.

आईला दुखवू नका. गौतमी बलश्रीने मुलाच्या मागे नाशिकला जे कोरवलं, त्यामुळेच त्याचे घोडे तीन समुद्रांचं पाणी प्यायल्याचं आपल्याला ठाऊक आहे.

कुठे थांबायचं, हे सीरियाच्या तिसऱ्या अँटिओकसकडून शिका. त्यानेही विस्कटलेलं राज्य सावरलं, पूर्वेला येऊन सुभागसेन राजाकडून हत्ती नेले, ‘महान’ म्हणवून घेतलं. मग रोमशी भिडला. इ.स.पू. 188च्या तहात हत्ती गेले आणि पंधरा हजार टॅलेंटांचा दंड बसला. पुढच्याच वर्षी पैशासाठी देऊळ लुटताना मारला गेला.

शेवटची सूचना सोयरिकीची. ती वेळेवर जमवा. क्षत्रप रुद्रदामनाने जुनागढला कोरून ठेवलंय की दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून सोडून दिलं.