टॉर्च आहे ना?

घरातल्या वडीलधाऱ्या माणसासाठी मोबाइल घ्यायचा ठरला, की सगळ्यांना मतं फुटतात. आमच्या आत्याच्या फोनवरही असाच खल झाला. अमेरिकेतल्या चिरंजीवांना व्हिडिओ कॉलसाठी भारी कॅमेरा हवा. सूनबाई म्हणाल्या, स्क्रीन मोठी बघा. काकांचा आग्रह बटणांच्या फोनचा. ओटीपी विचारून कुणी गंडा तरी घालणार नाही. (ओटीपी बटणांच्या फोनवरही येतो, हे काकांना कोण सांगणार?) काळजी सगळ्यांचीच खरी होती, फक्त त्या काळजीत ज्याची त्याची सोय दडलेली होती.

गंमत म्हणजे या सगळ्यांत टेलिफोनमधलं कळणारी एकटी आत्याच. कराडच्या एक्स्चेंजमध्ये तिने नोकरीभर ट्रंक कॉल जोडून दिले. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. कुणाकडे मुलगा झाला आणि कुणाकडचं माणूस गेलं, हे गावाआधी तिला कळायचं. तिने एवढंच विचारलं, "टॉर्च आहे ना रे?"

प्रश्न रास्त होता. २००३ साली आलेल्या नोकिया ११००च्या डोक्यावर टॉर्च होता आणि तो फोन जगभरात २५ कोटींच्या वर खपला. आत्याचा अजून धडधाकट आहे. पण घरातली सगळी सिमं आता ज्या कंपनीची, तिच्याकडे टू-जी नाहीच. त्यामुळे बिचारा उशाशी नुसता उजेड पाडायच्या कामाचा उरलाय.

दुकानातल्या पोराने खास ज्येष्ठांसाठीचा फोन काढला. ठसठशीत बटणं, पाचाच्या बटणावर बोटाला लागेल असा उंचवटा, पाठीवर लाल एसओएस. माझ्या मते त्यात खोट काढायला जागा नव्हती. आत्याने तो उलटसुलट केला आणि परत सरकवला. "हा म्हाताऱ्यांना दाखव." तिला अठ्ठ्याहत्तरावं लागलंय.

मग टचस्क्रीन आला. ही काच बोटाचा जोर ओळखत नाही, बोटातून जाणारी किंचितशी वीज ओळखते. आणि वयाने कोरड्या पडलेल्या कातडीतून ती नीट जात नाही. आत्या दाबतेय, फोन ढिम्म. जोर लावून दाबून धरलं, तर भलतीच यादी उघडली. पोरगा म्हणाला, "आजी, हलक्या हाताने." आजींनी पोथीचं पान उलटताना करतात तसं बोट जिभेला लावलं आणि टेकवलं. फोन सुरसुर चालू लागला. पोराने शोकेसकडे पाहिलं.

रिंगटोनचंही तसंच. उंच पट्टीचे आवाज कान आधी सोडतात, म्हणून त्याने लावलेली बासरी तिला ऐकूच येईना. शेवटी पखवाज सापडला. आता फोन आला की शेजारीही सावरून बसतात.

तरी तिचं मन बटणांकडेच ओढत होतं. म्हणून मी हुकमाचं पान काढलं: हयातीचा दाखला. नोव्हेंबर २०२१पासून तो चेहरा दाखवूनही मिळतो, बँकेतली रांग नको. आत्याने चष्मा सारखा केला.

"नुसता चेहरा?"

"हो. आणि स्क्रीनवर सांगतील तेव्हा डोळे मिचकवायचे. म्हणजे फोटो नाही, जिवंत माणूस आहे, अशी खात्री पटते."

"म्हणजे पेन्शनसाठी आता सरकारला डोळा मारायचा," आत्या म्हणाली, आणि पोराला बिल करायला सांगितलं.