रत्नागिरीच्या समुद्रास अनावृत पत्र

श्री. अरबी समुद्र, मुक्काम भाट्ये, रत्नागिरी, यांस

भोपाळहून स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात मी आपली पाहणी करून गेलो. आठवत नसेल तर सांगतो : पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात वही घेऊन आपल्याकडे संशयाने बघत उभा असलेला गृहस्थ तो मी. आमच्या ऑफिसात रत्नागिरीची एक जागा निघाली आहे. हो म्हणण्याआधी गाव बघून ये, असं घरात ठरलं. मंगला एक्सप्रेस भोपाळहून थेट रत्नागिरीला येत असल्याने सबब सांगायलाही वाव नव्हता. बायकोने शाळा, डॉक्टर, पाण्याची वेळ अशी सतरा मुद्द्यांची यादी दिली. अठरावा मुद्दा, म्हणजे आपण, मी स्वतः घातला. तिसऱ्या पिढीचा भोपाळी आहे. पाणी आम्हाला कळतं.

राग मानू नका, पण आपल्याला शिस्त नाही. आमचा बडा तालाब बघा. अकराव्या शतकात राजा भोजाने बांध घालून दिला, तेव्हापासून मुकाट्याने जागच्या जागी आहे. पावसाळ्यात त्याची पातळी पेपरात छापून येते. 1666.80 फूट झाली की तलाव भरला. मग भदभद्याचे दरवाजे उघडतात आणि अर्धं शहर भुट्टे खात ते बघायला जातं. याला म्हणतात कारभार! आपण दिवसातून दोनदा भरता, दोनदा ओसरता, ते कुणाला विचारून? वेळ पाळावी तर तीही रोज पाऊण-एक तासाने पुढे. आमच्या ऑफिसात अशाला मेमो मिळतो. शिवाय 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे वर्षाला 61 दिवस आपली हक्काची रजा. मला पंधरा मिळतात.

आता घराचं. अंगण हवं आणि आपलं दर्शन हवं, एवढ्याच दोन अटी होत्या. तशी घरं बरीच निघाली, पण बहुतेकांना कुलपं. जांभ्याच्या पायऱ्यांचं, कौलांवर शेवाळ धरलेलं एक फारच आवडलं. शेजारच्या आजींकडे किल्ली होती. म्हणाल्या, “मालक मुंबईला असतात. भाड्याने देतील की! फक्त गणपतीत, शिमग्यात आणि मे महिन्यात रिकामं करून द्यायचं.”

मी वही काढली तोवर आजींनीच माझी पाहणी सुरू केली. पगार किती, मुलं किती, मासे खाता का? तलावातला रोहू खातो म्हटल्यावर त्यांनी अशा नजरेने पाहिलं की मी मान खाली घातली.

“भोपाळ म्हणजे घाटावरच ना?”

“घाटाच्या बरंच वर,” मी म्हणालो.

“ते गॅसवालं?”

1984 पासून भोपाळ म्हटलं की परगावी पुढचा शब्द हाच येतो. मी हो म्हणालो. आजी उठून आत गेल्या आणि कोकम सरबताचा पेला घेऊन आल्या. त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही.

तिथून थिबा राजवाड्यावर गेलो. माझ्या केसमध्ये पूर्वीचा दाखला म्हणून एवढाच सापडला. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी मंडालेहून उचललं आणि 1886मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. गाव बघून येतो म्हणायची सवलत त्याला नव्हती. राजवाडा तयार व्हायला 1910 उजाडलं. तोवर चोवीस वर्षं दुसऱ्यांच्या बंगल्यांत. 1916मध्ये तो इथेच वारला. बदलीची मुदत किती, हे त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या अर्जावर ‘किमान तीन वर्षे’ असं लिहिलंय, एवढं मी वहीत दोनदा अधोरेखित केलं.

मिरकरवाड्याला मात्र माझी पुरती फजिती झाली. काटे कमी असलेला मासा मागितला, तेव्हा टोपलीमागची बाई शेजारणीला म्हणाली, “ह्यांना बटाटा दे गो!” तिच्या टोपलीतल्या बांगड्यांच्या पाठी ओल्या शाईसारख्या निळ्या चमकत होत्या. वहीत ते लिहायला रकानाच नव्हता.

यादीतल्या बाकी मुद्द्यांपैकी शाळा ठीक, डॉक्टर ठीक. पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते आणि स्कूटरला गंज चढतो, असं भेटेल त्याने सांगितलं. पण सांगताना प्रत्येकाचा चेहरा असा, की जणू घरातल्या वांड पोराचं कौतुक चाललंय. बायकोला मी ‘हवा दमट’ इतकंच कळवलं आहे. ऑफिसला अजून काही कळवलेलं नाही.

आपला,
एक तलावकाठचा

ता. क. : भाट्याला सुरूच्या बनासमोर, कोरडी वाळू पाहून मी चपला काढून ठेवल्या होत्या. आमच्याकडे बोट क्लबवर अशा ठेवल्या तर संध्याकाळपर्यंत तिथेच असतात. आपल्या शिस्तीबद्दलचा शेरा लिहून मान वर केली, तर डावी नव्हती. नऊ नंबर, तपकिरी. उजवी मी इथे जपून ठेवली आहे. डावी परत आलीच, तर कृपया त्या आजींकडे ठेवावी.