खालचा बर्थ कुणाला?

फेब्रुवारी उजाडला की तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याचा उरूस भरतो, पाळणे फिरायला लागतात, आणि परभणीच्या दर गल्लीत एकेका माणसाच्या अंगात मे महिना येतो. बाकीचं गाव अजून रात्री गोधडी पांघरून झोपत असतं. ह्यांनी मात्र कॅलेंडर खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलेलं असतं आणि मेच्या चौकोनांत लाल पेनानं गोल काढणं चालू असतं. ह्या माणसाला आम्ही नियोजनकाका म्हणतो. तो कुठं कृषी विद्यापीठात कारकून असतो, कुठं जिल्हा परिषदेच्या हिशेबात असतो, कुठं हायस्कुलात चित्रकला शिकवतो. गल्ली बदलली तरी खिशातली दोन पेनं बदलत नाहीत. निळ्यानं विचार, लालनं निर्णय.

परभणीला असा माणूस का लागतो, हे मेमध्ये इथं राहिल्याशिवाय कळायचं नाही. पारा 44-45 ला जाऊन टेकतो. बारा ते पाच स्टेशन रोडवर कुत्रंसुद्धा रसवंतीच्या सावलीतून हलत नाही. विद्यापीठाच्या वेधशाळेनं घेतलेला आकडा दुसऱ्या दिवशी पेपरात येतो, आणि तो वाचताना परभणीकर हाशहुश्श करतो खरा, पण मनातून थोडा सुखावतोही. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणणारं हे गाव. उकाड्यात चंद्रपूर पुढं गेलेलं त्याला खपत नाही. तर अशा उन्हातून घरच्या सगळ्यांना उचलून कुठंतरी गारव्याला नेऊन ठेवणं हे नियोजनकाका आपलं जन्माचं काम समजतात. आणि नुसतं नेणं नाही. "सहल अशी झाली पाहिजे की लेकरांच्या लेकरांनी नाव काढलं पाहिजे." कुणाचं नाव, ते काका सांगत नाहीत. विनय आहे.

आमच्या गल्लीतले काका निवृत्त आहेत. दोन गोष्टींचं दुःख त्यांच्या बोलण्यात वारंवार येतं आणि दोन्ही गोष्टी रेल्वेच्या आहेत. पहिलं, पूर्वी आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं. 5 मेला निघायचं तर 5 जानेवारीला तिकीट हातात. तिळगूळ वाटताना काका सोबत सीट नंबरही सांगायचे. नोव्हेंबर 2024 पासून ही मुदत 60 दिवसांवर आली. आता 5 मेसाठी 6 मार्च. मधले दोन महिने काढायचे कसे, असा प्रश्न त्यांना पडला. काकूंच्या मते त्या दोन महिन्यांतच त्यांचं बीपी निघालं.

दुसरं दुःख जास्त खोल आहे. रेल्वेत साठीच्या पुढच्या पुरुषांना भाड्यात 40 टक्के सवलत होती. काका साठीच्या उंबरठ्यावर उभे होते, जन्मतारखेच्या दाखल्याची झेरॉक्ससुद्धा काढून ठेवलेली होती, आणि मार्च 2020 मध्ये ती सवलतच बंद झाली. ती झेरॉक्स अजून फाइलीत आहे. "सुरू होईल पुन्हा," म्हणतात आणि फाइल नीट बांधून ठेवतात.

रेल्वेवर त्यांचा एवढा जीव असण्याला कारण आहे. 1900 साली निजामाच्या काळात मनमाडकडून हैदराबादकडं गेलेला हा लोहमार्ग लहान रुळांचा होता, तो 1990 च्या दशकात रुंद झाला. तोवर मुंबईला जायचं म्हणजे मनमाडला उतरायचं आणि ट्रंक, होल्डॉल, पाण्याची सुरई, दोन लेकरं आणि एक आजारी आत्या एवढं सगळं पुलावरून पलीकडं न्यायचं. काकांच्या वडिलांनी ते उभं आयुष्य केलं. काकांनी लहानपणी सुरई धरली होती. एकदा ती फुटली. तेव्हापासून प्रवासात आपण काय धरायचं हे आपणच ठरवायचं, असं त्यांनी ठरवलं असावं.

मार्चच्या पहिल्या रविवारी घरात बैठक भरते. जमखान्यावर अकरा जण: आजी, काका, काकू, मुलगा, सून, नातू सातचा, नात चारची, जिंतूरकडं शेती बघणारा धाकटा भाऊ, भावजय, कॉलेजातली पुतणी आणि गंगाखेडची बहीण. "कुठं जायचं?" असं काका प्रत्येकाला विचारतात. निळ्या पेनानं लिहूनही घेतात. मुलगा गोवा म्हणतो. सून मनाली म्हणते. आजी तिरुपती म्हणते आणि जोडीला काशीही सोडत नाही. पुतणी म्हणते, "कुठंबी चला, फक्त रेंज पाहिजे." नातू म्हणतो, "बर्फ." मग काका लाल पेन काढतात. जायचं कुठं हे त्यांनी सकाळीच ठरवलेलं असतं.

यंदा ठरलं होतं शिमला-मनाली. नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड धरायची, अंबाल्याला उतरायचं. सचखंडच का? कारण वाटेत स्टेशनांवर लंगरचा प्रसाद मिळतो. "भक्तिभावानं घ्यायचा," असं काकांनी बजावलं, आणि खर्चाच्या कागदावर पहिल्या दिवसाच्या जेवणासमोर शून्य लिहिलं. व्हॉट्सअॅपवर 'मनाली फॅमिली' नावाचा ग्रुप निघाला. त्यावर बर्फाच्या डोंगराचा फोटो लागला. 6 मार्चला सकाळी आठला मुलगा, सून आणि पुतणी तीन फोन घेऊन बसले, काका मागं उभं राहून "दाब, दाब" म्हणत होते. सगळ्यांची तिकिटं निघाली, तीन वेटिंगवर. पुढचा महिनाभर ते तीन आकडे घरात नाडीसारखे रोज दोनदा पाहिले गेले.

खरा गंमतीचा कागद मात्र तिकिटाचा नव्हताच. काकांनी कधी कुणाला "तुला बरं वाटतंय का?" असं विचारल्याचं घरात कुणाच्या ध्यानात नाही. पण त्यांनी केलेला बर्थचा तक्ता मी पाहिला आहे. आजीला खालचा, गुडघ्यासाठी. पण अगदी दाराजवळचा नको, संडासाचं दार आपटतं. फार आतलाही नको, रात्री दोनदा उठावं लागतं. धाकटा भाऊ घोरतो, त्याला सगळ्यात वर. त्याच्या खाली मुलगा, कारण तो रात्रभर कानांत बोंडं घालून असतो. बहिणीला खिडकी; मेहुणे गेल्यापासून ती कुठं बाहेरच पडलेली नाही, एवढंच समोर कंसात. काकू आणि भावजय यांचं बोलणं रस्त्यालगतच्या प्लॉटच्या वाटणीपासून मापात आहे. त्यांना समोरासमोर बसवलं तर दिवसभर नजर चुकवायची पंचाईत. म्हणून एकाच बाजूला, वर आणि खाली. एकमेकींची तोंडं दिसणार नाहीत, पण धपाट्यांचा डबा वर द्यायचा तर हाक मारावीच लागेल. पुतणीला साइड अप्पर. का, ते लिहिलेलं नव्हतं. रात्री अकरानंतर तिला कुणाचा तरी फोन येतो, हे घरात फक्त काकांनाच माहीत असावं. स्वतःसाठी त्यांनी वेटिंगमधला एक धरला होता. तलाठ्याकडं ह्या घराचा सातबारा असेल. पण कुणाच्या कुठं काय दुखतं त्याची नोंद ह्या तक्त्यातच सापडते.

एप्रिलमध्ये परभणीचा मे महिना हातपाय पसरायला लागतो, तसं नियोजन आकसायला लागतं. पहिल्यांदा पत्रिका येतात. मानवतचं एक लग्न, सेलूची सुपारी, पूर्णेला साडूच्या घरची हळद. "नाही गेलं तर लोक काय म्हणतील" ह्या प्रश्नाला रेल्वेच्या कुठल्याच नियमात उत्तर नाही. मग भाऊ म्हणाला, "दादा, बी-भरण बघायचं, बँकेत जायचं, मृगाच्या आत मला रानात पाहिजे. एवढे दिस जमत नाहीत." मग काकूंचे पापड आणि कुरडया, गच्चीवर घातलेलं वाळवण सोडून बाई मनालीला जात नसते. आणि शेवटी नळ. इथं पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरात माणूस नसेल तर परत आल्यावर अकरा जणांनी कशानं आंघोळ करायची? लग्नाच्या तारखा, मृग आणि नळाची पाळी, ह्या तिन्हींच्या मधून काकांनी लाल रेघ ओढली तेव्हा हाती पाच दिवस उरले.

तिकिटं रद्द झाली. कापून घेतलेल्या पैशांचा आकडा काकांनी कुणाला सांगितला नाही. ग्रुपचं नाव 'महाबळेश्वर फॅमिली' झालं. सुनेनं तिथल्या हॉटेलांचे मे महिन्यातले दर वाचून दाखवल्यावर दोन दिवसांत ते 'चिखलदरा फॅमिली' झालं. फोटो मात्र बर्फाचाच राहिला. नातवानं तो बदलू दिला नाही.

इथं काकांचं खरं तेज दिसलं. दुसरा माणूस खचला असता; ह्यांनी एसटीचा हिशेब मांडला. पंचाहत्तरीच्या पुढं प्रवास फुकट, म्हणजे आजी फुकट. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट, म्हणजे काकू, सून, भावजय, बहीण, पुतणी अर्ध्या. नातू बारा वर्षांच्या आतला, अर्धा. नात पाचच्या आतली, फुकट. पूर्ण तिकिटाचे उरले तिघंच: काका, भाऊ आणि मुलगा. त्यानंतर चार दिवस काका ह्या तिघांकडं रागानं बघत होते, स्वतःकडं आरशात. पासष्टी झाली की पुरुषालाही एसटीत अर्धं तिकीट, आणि काकांना पासष्टीला काही महिने कमी होते. "दिवाळीत गेलो तर?" असं त्यांनी हळूच विचारून पाहिलं. काकूंनी लाटणं खाली ठेवलं नाही, नुसतं थांबवलं.

परभणीहून पूर्णा, पूर्णेला गाडी बदलून अकोला, तिथून एसटीनं परतवाडा, पुढं घाटातून चिखलदरा. सगळा मुलूख महाराष्ट्राचा, त्यामुळं सवलत शेवटच्या वळणापर्यंत चालू. "मनालीत काय आहे?" काका आता म्हणत होते. "चिखलदऱ्याला कॉफी पिकते. महाराष्ट्रात पिकते का दुसरीकडं? भीमानं कीचकाला मारून टाकलं ते तिथंच." नातवाला कीचक पटला. बर्फाचं तो विसरला नाही, पण त्यानं मुदत वाढवून दिली.

निघायच्या आदल्या रात्री काका आमच्याकडं किल्ली द्यायला आले. सोबत कागद. नळ आला की कुठला कॉक आधी फिरवायचा, मोटार किती वेळ चालवायची, टाकी भरल्याचा आवाज कसा येतो, सगळं आकृतीसह. खाली टीप: 'वाळवण संध्याकाळी आत घेणे. चिमण्या.' मी विचारलं, "काका, बर्थचा तक्ता तर आता वाया गेला?" ते हसले. खिशातून त्यांनी दस्त्यांची चळत काढली. अकरा दस्त्या, कोपऱ्यात लाल पेनानं नंबर टाकलेल्या. एसटीत जागा खिडकीतून दस्ती टाकून धरायची असते; कुणाची दस्ती कुठं पडली पाहिजे, ते तक्त्याप्रमाणं.

पुढचं काकूंनी सांगितलं. अकोल्याच्या स्टँडवर पुतणी आणि नातवानं दस्त्या फेकल्या. सहा नंबर चुकून एका गृहस्थाच्या टोपीवर पडली, बाकीच्या बरोबर. प्रत्येकाच्या वरच्या खिशात काकांनी उन्हावर उतारा म्हणून कांदा घातला होता. परतवाड्यापर्यंत सगळ्या गाडीला कुणाकडं काय आहे ते कळलं. काकू आणि भावजय पुढं-मागं बसल्या होत्या. धपाटे, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मागून पुढं जाता जाता प्लॉटचा विषय कधी निघाला आणि कधी संपला, दोघींनाही कळलं नाही. घाट लागल्यावर बहिणीनं खिडकी उघडी ठेवली आणि कुणी बंद करायला सांगितलं तरी ऐकलं नाही.

चिखलदऱ्यालाही दुपारी ऊन होतं, पण संध्याकाळी वारं सुटलं तसा आजीनं पदर कानावरून ओढून घेतला. परभणीच्या बाईनं मेमध्ये थंडी वाजते म्हणून पदर ओढणं, हे काकांनी डायरीत लिहून ठेवलं आहे. वेळेसकट.

पंचबोल पॉइंटला आवाज दिला की दरी तो फिरून फिरून परत देते. लेकरं आपापली नावं ओरडत होती, सून हसत होती, भाऊ दरीला बैलाची हाक घालून पाहत होता. काकांची पाठ दरीकडं. ते माणसं मोजत होते. "सगळे आले का?" असं त्यांनी मोठ्यानं विचारलं, तर दरीनंही तेच विचारलं, पुन्हा पुन्हा. आणि तेवढ्यात पलीकडून कुणीतरी म्हणालं, "आमचे नऊ आलेत."

सेलूचे होते. खिशात दोन पेनं, हातात तिकिटांची पिशवी, पाठ दरीकडं. दोघांनी एकमेकांकडं असं पाहिलं की काकू म्हणतात, आमच्या लग्नातसुद्धा ह्यांनी असं पाहिलं नव्हतं. बसलेच दोघं कठड्यावर. परतवाड्याहून कितीची गाडी धरली, अकोल्याला किती थांबलात, तुमच्याकडं पूर्ण तिकिटाचे किती? सेलूवाल्यांकडं दोनच. काका चाटच पडले. मग दोन्ही डायऱ्या निघाल्या. "तुमचे नऊ, आमचे अकरा, झाले वीस," काका म्हणाले. "अजून वीस मिळाले तर अख्खी एसटीच प्रासंगिक करारावर घेता येते."

"चाळीस म्हणजे खालचे-वरचे भांडण नाही," सेलूवाले म्हणाले.

"नाही कसं? खिडकीचं आहे की." आणि काकांनी लाल पेनाचं टोपण काढलं.

नातू हात ओढत होता, त्याला कॉफीचं झाड दाखवा म्हणत होता. काकूंनी त्याला कडेवर घेतलं, आजीचा हात भावजयीच्या हातात दिला आणि सेलूच्या वहिनींकडं वळून म्हणाल्या, "चला वहिनी, आपण कॉफी पिऊन येऊ. ह्यांचं आता पुढच्या मेपर्यंत चालायचं."

"आमच्यांना साखर कमी," वहिनी म्हणाल्या. "पण राहू द्या, विचारू नका. विचारलं की तक्ता करतील."