सरकारी दरपत्रक

शिक्षणाची किंमत किती, यावर घराघरांत वाद होतात. राज्य सरकारने 2024 मध्ये तो मिटवून टाकला. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत विद्यावेतनाचं दरपत्रकच निघालं: बारावी पास, महिना 6,000 रुपये; आयटीआय किंवा पदविका, 8,000; पदवीधर, 10,000. आणि पदव्युत्तर? तेही 10,000च. म्हणजे एम.ए.ची दोन वर्षं सरकारी हिशेबात फुकट. नाशकातल्या कॉलेज रोडवरच्या पोरांनी हे प्रवेशाआधी वाचायला हवं होतं!

आता आमच्या नाशकात सातपूर-अंबडच्या कारखान्यांना फिटर लागतो, वेल्डर लागतो, मशीन चालवणारा लागतो. आयटीआयही सातपूरलाच. पण दरपत्रक सांगतं, फिटरपेक्षा बी.ए. 2,000 रुपयांनी सरस. कौशल्य विकासाच्याच खात्याने लावलेला हा भाव आहे, तेव्हा शंका घ्यायचं कारण नाही.

प्रशिक्षणाची मुदत आधी सहा महिन्यांची होती. प्रशिक्षणार्थी, म्हणजे योजनेचे ‘लाडके भाऊ’, घरी परतू लागले तशी ती पाच महिन्यांनी वाढली. एकूण अकरा. (भाड्याच्या खोलीचा करारही अकरा महिन्यांचाच असतो. भाडेकरू मुरू नये, ही काळजी घरमालकालाच असते असं नाही.) बारावा महिना उजाडला की हातात प्रमाणपत्र, आणि वय एका वर्षाने जास्त.

‘आम्हाला कायम करा’ म्हणत प्रशिक्षणार्थी आंदोलनाला बसले. त्यांना ठेवून घ्यायचं बंधन या योजनेत कुणावरच नाही.