हिरव्या ठिपक्याचा गृहस्थ

घरून काम करणारा तंत्रसज्ज गृहस्थ ओळखायला त्याची गाठ घ्यावी लागत नाही. त्याच्या दाराबाहेर भंगारवाल्याची वाट पाहत उभे असलेले पुठ्ठ्याचे खोके पुरतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हा मनुष्य जेवणाच्या टेबलावर, आमटीच्या पातेल्याशेजारी लॅपटॉप उघडून बसत होता आणि, हे नमूद करायला हवं, काम होत होतं. पुढे आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करायची मुभा कायम झाली आणि त्याने रीतसर ‘सेटअप’ करायला घेतला. मान अवघडते म्हणून आधी लॅपटॉपचा स्टँड आला. स्टँडवरच्या लॅपटॉपवर टाइप करताना हात अधांतरी राहतात, म्हणून वेगळा कीबोर्ड आला. कीबोर्डची खटखट मीटिंगमधल्या लोकांना ऐकू जाते, म्हणून बाहेरचे आवाज गाळणारा हेडफोन आला. हेडफोन लावला की दाराची बेल ऐकू येत नाही, म्हणून मोबाइलवर वाजणारी कॅमेऱ्याची बेल आली. बटण दाबताच वर-खाली होणारं टेबल आलं आणि उभं राहून तळपाय दुखायला लागले म्हणून पायाखाली घ्यायची खास चटईही आली. या साखळीत तर्कदोष कुठेच सापडत नाही. प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूने निर्माण केलेली अडचण सोडवते. मूळ अडचण मानेची होती, आणि मान अजून दुखते.

त्याच्या दिवसाची सुरुवात आढाव्याने होते. मनगटावरचं घड्याळ रात्रीच्या झोपेला गुण देतं. तोवर त्याला चांगलं ताजंतवानं वाटत असतं. शंभरात बासष्ट गुण दिसले की तो तत्काळ थकतो. मग कामांची यादी. ती कधीकाळी डायरीत होती, तिथून ट्रेलोवर गेली, ट्रेलोवरून नोशनवर आली, आणि दर जानेवारीत ती नव्या घरी बिऱ्हाड हलवते. यादीतलं पहिलं काम ‘यादी लावणे’ हे असतं. ते झालं की त्यावर टिक पडते आणि दिवसाचा श्रीगणेशा होतो. मग टायमर. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिलो नावाच्या एका इटालियन विद्यार्थ्याने अभ्यासात मन लागावं म्हणून टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ पुढ्यात ठेवलं. त्यातून पंचवीस मिनिटं काम आणि पाच मिनिटं विश्रांती ही जगप्रसिद्ध पद्धत निघाली. चिरिलोला एक टोमॅटो पुरला. आपल्या गृहस्थाच्या फोनवर या पद्धतीची चार ॲप आहेत आणि त्यांतलं सगळ्यांत कमी लक्ष विचलित करणारं कोणतं, याच्या तौलनिक अभ्यासात सकाळ जाते. दुपारच्या मीटिंगला तो स्वतःबरोबर एक यंत्रलेखनिकही पाठवतो. लेखनिक इतिवृत्त लिहितो, त्यातून करायच्या कामांची यादी निघते, ती मूळ यादीत जाते, मूळ यादी आठवण पाठवते, आणि आठवण वाचून बाजूला सारली की ते एक काम झाल्याचं समाधान मिळतं. संध्याकाळी आलेखाची रेघ वर चढलेली असते.

इथवर हसणं सोपं आहे. पण त्याला कामचुकार म्हणणं अन्यायाचं होईल, कारण कामचुकार माणूस इतके कष्ट घेत नाही. हा रात्री साडेनऊला ताट पुढ्यात घेऊनही मेलना उत्तरं देत असतो. त्याचं दुखणं आळसाचं नाही. त्याच्या कामाला काटा नाही, हे त्याचं दुखणं आहे. दिवसभरात त्याने दोन विभागांत समेट घडवला, एक चुकीचा निर्णय टाळला, एका तक्त्यातली गफलत पकडली. याचं वजन किती भरलं? ऑफिसात हा प्रश्न पडत नसे, कारण तिथे हजेरी हेच वजन होतं. गळ्यातलं कार्ड दारावर टेकवलं की दिवस मांडला जाई. त्यातून हिंजवडीचं ऑफिस असेल तर वाकडच्या पुलाखाली तासभर घुसमटून आलेल्या माणसाने खुर्चीत नुसतं बसून चहा घेतला, तरी त्याने कंपनीचं काही देणं फेडल्यासारखं त्यालाही वाटे आणि साहेबालाही. घरी बसल्यावर हा पुरावाच नाहीसा झाला. बेडरूमपासून टेबलापर्यंतचं अंतर अकरा पावलं. त्यात कोणी घामाघूम होत नाही. तेव्हा त्याने आजूबाजूला यंत्रं उभी केली ती साक्षीदार म्हणून. काम करायला त्यातली निम्मीही लागत नाहीत. काम झालं हे सांगायला मात्र सगळी लागतात, आणि पहिल्यांदा ते सांगायचं असतं स्वतःलाच.

हे पटत नसेल तर ज्यांच्या कामाला काटा आहे त्यांच्या घरी डोकवावं. घरून काम ही काही आयटीवाल्यांनी आणलेली पद्धत नव्हे. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. त्यातून लिज्जत उभं राहिलं. तिथल्या बहिणी सकाळी केंद्रावर आदल्या दिवशीचे वाळलेले पापड देतात, नवं भिजवलेलं पीठ घेतात आणि घरी जाऊन लाटतात. वजनावर ‘वणाई’ मिळते. सोलापुरात हजारो बायका तेंदूची पानं आणि तंबाखू घरी नेऊन विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांमागे, आणि वाकडी, सैल विडी बाजूला निघते. यातल्या एकीलाही सकाळी झोपेचे गुण पाहावे लागत नाहीत, की आपण आज ‘प्रॉडक्टिव्ह’ होतो का हा प्रश्न रात्री छळत नाही. पापड भरले की दिवस भरला. त्यांच्या कष्टांचे गोडवे गाण्याचा हा प्रयत्न नाही. विडी वळणारणीच्या पाठीची आणि छातीची जी दशा होते ती पाहून कोणी तिचा हेवा करू नये. मुद्दा एवढाच, की जिथे मोजमाप कामातच आहे तिथे कामाचा देखावा उभा करायची गरज पडत नाही. पोळपाट वर-खाली होत नाही म्हणून कुठल्या बहिणीचे पापड अडले आहेत?

यावर आपला गृहस्थ गप्प बसणार नाही. तो एक संशोधन काढून दाखवील, आणि ते खरंच भक्कम आहे. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०-११ मध्ये सीट्रिप या चिनी प्रवास कंपनीच्या शांघायमधल्या कॉल सेंटरात नऊ महिने प्रयोग केला. घरून काम करायला तयार असलेल्यांतून जन्मतारीख सम की विषम यावरून घरचे आणि ऑफिसचे असे दोन गट पाडले. घरच्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी सरस ठरली आणि नोकरी सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. हा आकडा सांगताना गृहस्थाची छाती फुगते. पण त्या तेरांतले नऊ टक्के आले ते लोक पाळीतली अधिक मिनिटं जागेवर राहिल्यामुळे, म्हणजे कमी सुट्ट्या आणि मधल्या विश्रांती आखूड. उरलेले चार दर मिनिटाला जास्त कॉल घेतल्यामुळे. आणि कॉल मोजता येतात. शांघायचा कर्मचारी हा या अर्थाने पापड लाटणाऱ्या बहिणीचाच भाऊबंद. त्या प्रयोगाने घरून काम होतं हे सिद्ध केलं. दुसऱ्या मॉनिटरने होतं, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. शिवाय प्रयोग संपल्यावर ज्यांना पुन्हा निवडीची संधी मिळाली त्यांतले बरेच जण ऑफिसात परतले. घरी एकटं वाटतं, हे त्यांचं एक कारण होतं, आणि त्यावर अजून कोणतंही ॲप निघालेलं नाही. (निघालं असेल तर गृहस्थाच्या फोनवर ते असणारच.)

दुसरा आक्षेप जास्त न्याय्य आहे: दोष त्या बिचाऱ्याला कशाला, साहेबाला द्या. बरोबर आहे. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये अकरा देशांतल्या वीस हजार लोकांची पाहणी केली, तेव्हा ८७ टक्के कर्मचारी म्हणाले की आम्ही नीट काम करतो, आणि ८५ टक्के साहेबलोक म्हणाले की या नव्या रीतीत आमच्या माणसांबद्दल तशी खात्री बाळगणं अवघड झालं आहे. इतक्या अविश्वासावर एखादं लग्न टिकणार नाही, कंपन्या टिकतात. मधल्या दरीवर पूल म्हणून उभा असतो नावाशेजारचा तो हिरवा ठिपका. टीम्सवर पाच मिनिटं हात थांबला की ठिपका पिवळा पडतो. म्हणजे माणूस खिडकीबाहेर बघत खोल विचार करत असेल तर तो गैरहजर, आणि सोसायटीच्या ग्रुपवरचा पार्किंगचा वाद कंपनीच्या लॅपटॉपवर वाचत असेल तर हजर. या हिशेबाला शरण जाऊन बाजारात माउस हलता ठेवणारी छोटी फिरती तबकडी आली. तिच्यावर माउस ठेवायचा आणि वरण-भाताला बसायचं, ठिपका हिरवागार. अमेरिकेतल्या एका बड्या बँकेने २०२४ मध्ये कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्याबद्दल डझनावर लोकांना घरी पाठवलं, म्हणजे जे आधीच घरी नसतील त्यांना. आपला गृहस्थ तबकडी घेत नाही, तो पापभीरू आहे. तो दर चार मिनिटांनी स्वतःच माउस हलवतो. तबकडीचं काम त्याने अंगावर घेतलं आहे आणि वर याला शिस्त म्हणतो.

मग तंत्रज्ञान नकोच का? असं म्हणणारा मनुष्य बहुधा पेन्शनर असतो. ज्याला रोज दीड तास लोकलला लटकावं लागत होतं, जिचं बाळ सहा महिन्यांचं आहे, ज्याला चाकाच्या खुर्चीवरून ऑफिसच्या पायऱ्या चढता येत नाहीत, त्यांच्यासाठी बरा कॅमेरा आणि भरवशाचं इंटरनेट ही चैन नाही. शेजारच्या घराचं फरशीकाम चालू असताना हेडफोनचे पैसे अर्ध्या तासात वसूल होतात. पण साधनाने श्रम वाचले म्हणजे वेळ वाचला असं गणित बसत नाही, हे घरातल्याच एका जुन्या उदाहरणावरून दिसतं. रूथ श्वार्ट्झ कोवन या इतिहासकार बाईंनी १९८३ साली अमेरिकन घरकामावर पुस्तक लिहून दाखवलं, की धुलाई यंत्रापासून व्हॅक्यूम क्लीनरपर्यंत सगळं आलं तरी गृहिणीचे तास फारसे घटले नाहीत. कष्ट हलके झाले, पण स्वच्छतेच्या अपेक्षा चढल्या, आणि घरात जो दुसऱ्या कोणाचा हात लागत होता तो सुटला. मीटिंगचंही तसंच झालं. पूर्वी खोली मोकळी नाही, माणसं एका मजल्यावर नाहीत, या अडचणींमुळे कित्येक मीटिंगा जन्मालाच येत नसत. आता एका टिचकीवर नऊ जण जमतात, आणि त्यांतले सात जण ‘मी म्यूटवर होतो’ एवढं बोलून जातात.

कोवनबाईंचा हा सिद्धांत गृहस्थाच्या आईला पुस्तक न वाचता ठाऊक असतो. तिच्या दृष्टीने मुलगा घरी आहे, म्हणजे घरी आहे. “अरे, तू नुसता बसलायस ना, मग तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर,” हे वाक्य ती त्याच्या पंचवीस मिनिटांच्या मधोमध, आणि बऱ्याचदा कॅमेऱ्यासमोरच सोडते. कुरिअरवाला अख्ख्या मजल्याची पार्सलं त्याच्याकडे ठेवतो. कामाच्या मावशी फरशी पुसताना “दादा, पाय वर घ्या” म्हणतात आणि तिमाहीचे आकडे सांगता सांगता तो पाय वर घेतो. हेडफोन कुत्र्याचं भुंकणं गाळतो, घंटागाडीचं गाणं गाळतो. कुकरची शिट्टी मात्र कोणत्याही मॉडेलला आवरलेली नाही. त्याने आईला ‘डू नॉट डिस्टर्ब’चा लाल दिवा दारावर लावून दाखवला. आई म्हणाली, छान दिसतोय, दिवाळीतही ठेवू.

या सगळ्याची खरी परीक्षा गुरुवारी होते. पुण्यात महावितरणची दुरुस्तीची कामं बहुधा गुरुवारी निघतात आणि सकाळपासून दुपारपर्यंत वीज नसते. घरचा इन्व्हर्टर पंखे ओढता ओढता तासाभरात मान टाकतो, राउटर जातो, टेबल ज्या उंचीवर असेल तिथेच अडकतं. मोबाइलला रेंज एका कांडीची. हिरवा ठिपका नाही, आठवणी नाहीत, लेखनिक नाही. लॅपटॉपच्या बॅटरीत दोन-अडीच तासांचा जीव असतो आणि दुसरं काही करण्यासारखं नसल्यामुळे गृहस्थ तीन आठवडे पुढे ढकललेला अहवाल उघडतो. तो लिहूनही होतो. सलग, एका बैठकीत, आणि नंतर साहेब ज्याचं कौतुक करतो तो हाच. पण दुपारी वीज आल्यावर ॲप सगळ्यांत आधी विचारतं, की सकाळी नऊ ते दीड तुम्ही कुठे होतात. त्या चार-साडेचार तासांची नोंद कुठेच नसते. आलेखाची रेघ जमिनीला टेकलेली, सलग सत्तेचाळीस दिवसांची साखळी तुटलेली. गृहस्थ हताश होऊन बायकोला सांगतो की आजचा दिवस फुकट गेला, आणि जेवणाआधी मोठ्या इन्व्हर्टरची ऑर्डर टाकतो.