पोट टोकदार आहे म्हणे!

अहो वहिनी, या जरा इकडे गडग्यापाशी. कपडे काय, नंतरही वाळत घालता येतील. लेक आली ना बाळंतपणाला? सातवा संपत आला असेल. काल तिन्हीसांजेला अंगणात फेऱ्या घालताना लांबूनच दिसली. कशी डुलत चालते!

काय म्हणालात? पोट टोकदार आहे, म्हणजे मुलगा? वरच्या आळीतल्या काकू येऊन गेल्या वाटतं. अहो, पहिलटकरीण आहे ती. पोटाचे स्नायू अजून घट्ट, म्हणून पोट असं वर आणि पुढे दिसतं. दुसऱ्या खेपेला त्याच बाईचं पोट ऐसपैस पसरतं, मग काय आत मुलगी असते? सोनोग्राफीवाल्याने हे सांगितलं, तर 1994 च्या कायद्याने त्याला बेड्या पडतील. काकू मात्र सांगतात आणि वर चहा पिऊन जातात.

बरं, पोट सगळेच बघतात. पाय कोणी बघितले का तिचे? चपला बदलल्यान् ना? बघा! या दिवसांत सांध्यांचे बंध सैल पडतात. कंबरेची हाडं जरा मोकळी व्हावीत, बाळाला वाट मिळावी म्हणून ही सगळी तयारी. पण सैल पडायचं म्हटलं की पावलंही सैल पडतात. तळव्याची कमान बसते आणि पाऊल लांबतं. काहींचं मग कायमचंच तसं राहतं. माझ्या लग्नातल्या कोल्हापुरी थोरल्याच्या वेळी ज्या सुटल्या, त्या सुटल्याच. धाकट्या नणंदेने पळवल्यान्. असो.

रक्त कमी सांगितलंय? दहा? मग तोंड एवढंसं नका करू, पण हलक्यातही घेऊ नका. गरोदरपणी अंगातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं. पण पाहुणे वाढले की आपण आमटीत पाणी वाढवतो ना, तसं यात पाणी जास्त वाढतं आणि तांबड्या पेशी त्या मानाने कमी. म्हणून आकडा थोडा खाली येतो, तो सगळ्यांचाच. मात्र अकराच्या खाली गेला की आम्ही त्याला रक्तक्षय म्हणतो. लोहाच्या गोळ्या घेते ना रोज? चहाबरोबर? अरे देवा! चहाने त्या गोळीतलं लोह अंगी लागत नाही. लिंबाच्या सरबताबरोबर द्या. आणि कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, दोन्ही एकदम नकोत. शौचाला काळी होते म्हणून घाबरून बंद करतील कोणी, तर होऊ दे काळी. उपकेंद्रात असताना निम्म्या पोरींच्या गोळ्या मला उशीखाली सापडायच्या, कारण विचारलं की हेच. आणि हो, पाटीवरची पेन्सिल खाते का ती? गालात हसू नका, विचारा तिला. माती, खडू, पेन्सिल हे डोहाळे कौतुकाचे नव्हेत. कित्येकदा लोह कमी असलं की तशी वासना होते.

छातीत जळजळ? ती होणारच. अन्ननलिकेच्या तोंडाशी जी झडप असते ती ढिली पडते, आणि खालून पिशवी पोटाला ढकलत असते. एरवी मुठीएवढी पिशवी, सत्तरेक ग्रॅमची. नवव्यापर्यंत तिचीच एक किलोभर होते, बाळ-पाणी वेगळं. थोडं थोडं खाऊ दे, जेवल्या जेवल्या आडवी होऊ नको म्हणावं. आणि झोपताना डाव्या कुशीवर.

जळजळ म्हणजे बाळाला जावळ दाट? ही आणखी एक म्हातारीची गोष्ट, असंच मीही म्हणायचे. पण वाचलंय मी, अमेरिकेत बाल्टिमोरला 2006 साली साठ-पासष्ट जणींची पाहणी केली, तर खरंच ज्यांना जळजळ जास्त त्यांच्या बाळांना केस जास्त निघाले! लहानशीच पाहणी, पण हा एक मुद्दा तुमचा. लेकीचे केसही आता दाट दिसतायत ना? ते या दिवसांत गळायचे थांबलेले असतात. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात एकदम गळतील, तेव्हा बाळ ओळखायला लागलं म्हणून आईचे केस गेले, असं काही नातवंडाच्या माथी मारू नका.

काय? चेहराही भरलाय? डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या आता मनगटावरून हलत नाहीत? भरवताना ढिल्या होत्या म्हणता? थांबा. डोकं दुखतं का तिचं? कालपासून? आणि हे तुम्ही मला आता सांगता!

पायाला संध्याकाळी सूज बहुतेकींना येते, तिची मला काळजी नाही. पण हाताला आणि तोंडाला एकाएकी सूज, वर डोकेदुखी, ही वेगळी गोष्ट. बीपी शेवटचा कधी बघितला? महिना झाला? डोळ्यांपुढे चमकतं का, अंधुक दिसतं का, बरगडीखाली दुखतं का, आत्ता जाऊन विचारा. 140 वर 90 च्या पुढे गेला असेल आणि लघवीतून प्रथिनं जात असतील, तर आईलाही धोका आणि बाळालाही. झटके येऊ शकतात. नाही नाही, उद्या नाही. बाम चोळून झोपवू नका तिला. रविवार असला म्हणून काय झालं, सिव्हिलला बाळंतिणींचा वॉर्ड चोवीस तास चालू असतो. तुम्ही रिक्षा सांगा आणि तिची फाइल घ्या, सोनोग्राफीचे कागद त्यातच असू देत. मी साडी बदलून आलेच.