तिरपा बांबू

नोकरी सांभाळून रात्री गेम बनवायचा, असं मी तीन वर्षांपूर्वी ठरवलं. कल्पना साधी होती. बांबू, सुतळी आणि ताडपत्री घेऊन खेळणाऱ्याने गणपतीचा मांडव घालायचा. ताण जास्त झाला की गाठ सुटणार आणि पुढचं सगळं गुरुत्वाकर्षणाच्या मर्जीवर. २००८ साली आलेला ‘वर्ल्ड ऑफ गू’ मुख्यतः दोघांनी केला होता. त्यातले चिकट गोळ्यांचे डुलणारे मनोरे बघून वाटलं, आपण एकटे, म्हणजे दुप्पट वेळ. एवढंच गणित चुकलं.

गुरुत्वाकर्षण माझं नाही. ते एरिन कॅटो यांच्या ‘बॉक्सटूडी’ नावाच्या फुकट इंजिनातून आणलंय. हे इंजिन सेकंदाला ६० वेळा प्रत्येक बांबूची विचारपूस करतं: कुठे आहेस, कोणावर रेललायस, गाठ काय म्हणते? अचूक उत्तर काढत बसायला वेळ नसतो, म्हणून ते अंदाजाने सावरून घेतं आणि राहिलेली चूक पुढच्या फेरीच्या खात्यावर टाकतं. उधारी साठली की भर उन्हाळ्यात मांडवाला हुडहुडी भरते.

एकदा ५०० किलोची मूर्ती दोन किलोच्या चौरंगावर ठेवली. हलक्या वस्तूवर फार जड वस्तू आली की या इंजिनाची तारांबळ उडते. मूर्ती चौरंगात रुतली, चौरंग जमिनीत. आई चहा घेऊन मागे उभी होती. म्हणाली, “अरे, निदान पुढच्या वर्षी लवकर या तरी म्हण!”

पण खरे आठ महिने खाल्ले ते कलण्याने. चार खांब, वर आडवे बांबू, आणि मांडव दर वेळी एका अंगाला सावकाश निजायचा. मी गाठी दसपट घट्ट केल्या. तो दसपट घट्ट गाठींसकट निजला. शेवटी सोसायटीत मांडव घालायला आलेल्या काकांना लॅपटॉप दाखवला. तंबाखू मळता मळता त्यांनी एकदाच पाहिलं.

“तिरपा कुठाय?”

चौकोन गाठींवर फिरतो आणि त्याचा शंकरपाळा होतो. त्रिकोणाला तसं करता येत नाही, त्याच्या बाजूंची लांबी बदलावी लागते. हे मला शाळेत शिकवलं होतं, मार्कही मिळाले होते. दोन तिरपे बांबू टाकले आणि मांडव उभा राहिला.

“पैशे देतात का ह्याचे?” काकांनी विचारलं.

“अजून नाही.”

“म्हणजे आमच्यासारखंच की,” म्हणत ते शिडीवर चढले.

काल रात्री मांडव सलग ३८ मिनिटं उभा होता. खरं तर इंजिनाने त्याला झोपवलं होतं. जे हलत नाही त्याचा हिशोब ते करत बसत नाही.

मग मी वारा सुरू केला.